भुलीमुळे बीज बिघडतं का?

आयव्हीएफसाठी स्त्रीबीजं काढायचा दिवस जवळ आला की एक शंका हमखास निघते: भुलीचं औषध बीजापर्यंत पोहोचलं तर? त्या धास्तीने 'दुखलं तरी सोसेन, पण भूल नको' असं म्हणण्यापर्यंत गोष्ट जाते. ही वेळ कुणावरही येऊ नये.

शंकेला आधार आहे. शिरेतून दिलेलं प्रोपोफॉल हे भुलीचं औषध बीजाभोवतीच्या द्रवात उतरतं आणि काम लांबलं तर तिथलं प्रमाण वाढतं. प्रयोगशाळेत उंदरांच्या बीजांवर त्याचा वाईट परिणामही दिसला आहे. पण ती बीजं औषधातच ठेवलेली होती.

प्रत्यक्षात सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत योनिमार्गातून सुई आत जाते, बीजाभोवतीचा द्रव ओढून घेते आणि त्या द्रवाची नळी लगेच प्रयोगशाळेत पोहोचते. तिथे द्रव बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधतात. ते असतं जेमतेम 0.1 मिलिमीटरचं, भोवती पेशींचा चिकट पुंजका. ते उचलून पोषक द्रावणात धुतात. भुलीच्या औषधाशी बीजाचा संबंध इतकाच, काही मिनिटांचा.

1978 साली जन्मलेल्या लुईस ब्राउन या जगातल्या पहिल्या आयव्हीएफ बाळाच्या वेळी डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी बीज काढलं ते लॅपरोस्कोपीने, पूर्ण भूल देऊन, पोटात वायू भरून. आता बहुतेकींना थोडा वेळ गुंगी पुरते.

गुंगी, जागेवरची भूल की पाठीतलं इंजेक्शन? वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018च्या आढाव्यात कुठलीही एक पद्धत इतरांपेक्षा सरस ठरली नाही. एकाहून अधिक उपाय एकत्र वापरले तर दुखणं मात्र जास्त कमी झालं. आयव्हीएफच्या यशात खरा वाटा वयाचा आणि बीजांच्या प्रतीचा. म्हणून वेदना सोसून काहीही पदरात पडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगायला हवं.

भूलतज्ज्ञाला सांगायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: दमा, झोपेतलं घोरणं, आधीच्या भुलीचा त्रास आणि सकाळी घेतलेला चहा. दुधाचा चहा जेवणासारखाच धरतात, त्यानंतर 6 तास थांबावं लागतं. इकडे बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन दिल्यावर साधारण 34 ते 36 तासांत बीजं काढायची असतात. चहापायी ती वेळ टळली, तर बीजं आपोआप सुटून हातची जाऊ शकतात.