तुटलेली पुंगळी आणि दहा थाऊंचा हिशेब

काडतुसाची पितळी पुंगळी म्हणजे दारू, ठिणगी देणारी टोपी आणि गोळी एकत्र धरणारे वेष्टन, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात गोळी सुटण्याच्या क्षणी तिच्यावर याहून अवघड जबाबदारी येते. दारू पेटताच वाढणाऱ्या वायूच्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागील टोकाला काडतूस बसण्यासाठी कोरलेल्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि त्यामुळे तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे, न येता गोळीला पुढे ढकलतो. दाब ओसरला की पितळ आपल्या लवचीकपणाने किंचित आकसते आणि बोल्टवरचा आकडा पुंगळीची कड पकडून तिला बाहेर ओढतो. हा क्रम बिघडून पुंगळीचे बूड तेवढे आकड्याबरोबर बाहेर आले आणि पुढचे नळकांडे चेंबरातच अडकून राहिले, तर पुढचे काडतूस आत जात नाही आणि रायफल निरुपयोगी होते. हे नळकांडे काढण्याचे काम वरकरणी किरकोळ दुरुस्तीत मोडत असले, तरी ते जवळून पाहिल्यावर असे दिसते की त्यात ओढून काढण्याचा भाग थोडा आणि तुटलेल्या पितळाचे वाचन करण्याचा भाग फार मोठा आहे.

ज्या कारागिराच्या कामावर हा लेख आधारलेला आहे, तो लष्कराच्या ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि यांत्रिक अभियांत्रिकी, दलातून आर्मोरर, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणारा तंत्रज्ञ, म्हणून निवृत्त झालेला असून शिरवळमध्ये राहतो आणि एका परवानाधारक कार्यशाळेत काम करतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राची केवळ दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो, त्यामुळे हे काम घराच्या ओसरीवर करण्याचे नाही. शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरेच्या काठी वसलेले गाव आहे. 1648 मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी तेथील सुभानमंगळ या भुईकोटासाठी लढाई झाली, तेव्हाच्या तोड्याच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून स्वतंत्रपणे ठासली जात असल्याने पुंगळी अडकण्याचा प्रश्नच नव्हता. हा प्रश्न मागून भरल्या जाणाऱ्या शस्त्राबरोबर आला. आज याच गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत वाढली असून तेथील लेथवर काम करणारे कामगार इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतात. गावात ‘सुभेदार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आर्मोरराच्या बोलण्यातही ‘दहा थाऊ’ ही संख्या पुन्हा पुन्हा येते आणि त्याच्या कामाची किल्ली तिच्यातच आहे.

निरीक्षणात आलेली रायफल .315 बोअरची होती. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील सरकारी कारखान्यात तयार होणारी, ली-एन्फिल्ड धाटणीच्या बोल्टची ही रायफल नागरी परवान्यावर मिळते आणि रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांकडे ती आढळते. मालकाने रायफलीबरोबर तुटलेले बूड आणि काडतुसांची कापडी पिशवीही आणली होती, आणि काडतूसच खराब निघाले असे त्याचे ठाम म्हणणे होते. ‘आधी रायफल काय म्हणतीय ते बघू, मग काडतुसाकडं,’ एवढेच उत्तर देऊन सुभेदाराने नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवले, मॅगझिन काढले, बोल्ट बाहेर घेतला आणि आत जिवंत काडतूस किंवा गोळी शिल्लक नाही याची बॅटरीच्या उजेडात खात्री केली.

यानंतरची त्याची पहिली कृती पाहणाऱ्याला अनपेक्षित वाटावी अशी होती, कारण चेंबरकडे वळण्याऐवजी तो ते बूड भिंगाखाली धरून बराच वेळ फिरवत राहिला. पुंगळीचे बूड जाड आणि भिंत पातळ असते. गोळी सुटताना पातळ भिंत चेंबरला चिकटून स्थिर राहते, जाड बूड मात्र फुगू शकत नसल्याने दाबाखाली मागे सरकते आणि बोल्टच्या तोंडावर जाऊन टेकते. बोल्टचे तोंड आणि पुंगळीचे बूड यांच्यामधील मोकळीक ठरलेल्या मर्यादेत असेल तर पितळ हा ताण सोसते. ती वाढली असेल तर बुडाच्या किंचित वर, जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे, भिंत ताणून बारीक होते आणि अखेरीस गोलाकार तुटते. कडेची पुंगळी वापरणाऱ्या .303 रायफलीत ही मोकळीक पुंगळीच्या कडेच्या जाडीवरून ठरते आणि लष्करी मापानुसार बोल्टच्या तोंडापासून कड टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर 0.064 इंचापेक्षा कमी आणि 0.074 इंचापेक्षा जास्त असता कामा नये. या दोन मापांमधील फरक म्हणजेच ते दहा थाऊ, मिलिमीटरमध्ये सांगायचे तर जेमतेम पाव मिलिमीटर. .315 ची मापे आणि मापपट्ट्या वेगळ्या असल्या तरी तत्त्व तेच आहे, आणि सुभेदाराच्या मते या दहा थाऊंच्या आत राहणारी रायफल पुंगळी सहसा तोडत नाही.

नळकांडे काढण्याची कृती त्या मानाने थोडक्यात आटोपली. चेंबरमध्ये पातळ तेलाचे काही थेंब सोडून थोडा वेळ जाऊ दिल्यानंतर त्याच बोअरसाठी बनवलेले तुटकी पुंगळी काढण्याचे अवजार आत बसवण्यात आले. हे अवजार काडतुसाच्याच आकाराचा पोलादी तुकडा असून त्याच्या मागच्या टोकाला पुंगळीसारखी कड आणि पुढच्या टोकाला बाहेर उमलणारा ओठ असतो; बोल्ट हलकेच बंद केला की ते अडकलेल्या नळकांड्यातून आरपार जाते, ओठ पुंगळीच्या तोंडापलीकडे उमलतो आणि बोल्ट मागे घेताना बोल्टचाच आकडा अवजारासह नळकांडे बाहेर आणतो. विकर्ससारख्या जुन्या मशीनगनच्या साहित्यात याच कामासाठी स्वतंत्र प्लग दिलेला असे, कारण चालू लढाईत हा अडथळा जागेवरच दूर करणे भाग असे. अवजार उपलब्ध नसेल किंवा त्याची पकड बसत नसेल, तर चेंबरपेक्षा किंचित मोठा काशाचा ब्रश आत दाबून मागे ओढतात. तेही साधले नाही तर काही कारागीर नळीत पुढे चिंदीचा बोळा बसवून नळकांड्यात बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा, उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा, मिश्रधातू ओततात आणि तो गोठल्यावर पुढून गज घालून दोन्ही एकत्र बाहेर ढकलतात. सुभेदाराने जी एकमेव गोष्ट निषिद्ध म्हणून सांगितली, ती म्हणजे पोलादी टोच्याने पितळ खरवडणे, कारण पितळ निघून जाते, पण चेंबरच्या भिंतीवर उठलेला ओरखडा राहतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीची भिंत दाबाखाली त्याच ओरखड्यात घुसून अडकू लागते.

बाहेर आलेले नळकांडे आणि बूड एकमेकांना जुळवून पाहिल्यावर तुटण्याची रेघ पूर्ण गोलाकार आणि तिची कड चकचकीत दिसली, म्हणजे संशय रायफलीवर गेला. मापपट्टी घातल्यावर तो खरा ठरला, कारण ज्या मापावर बोल्ट बंद होता कामा नये त्यावर तो सहज बंद झाला. दुसऱ्या महायुद्धातील क्रमांक चारच्या ली-एन्फिल्डमध्ये बोल्टचे डोके 0 ते 3 अशा चार क्रमांकांत मिळत असल्याने झीज झालेल्या रायफलीत पुढच्या क्रमांकाचे डोके बसवून मोकळीक कमी करता येत असे; या रायफलीसारख्या जुन्या धाटणीच्या बोल्टला असे क्रमांक नसतात आणि योग्य डोके निवडून, मापून, बसवूनच पाहावे लागते. मालकाला रायफल त्याच दिवशी हवी होती, पण ती मिळाली नाही, आणि या नकारात या कामाचा खरा दर्जा दिसतो, कारण पुंगळी काढून शस्त्र परत देणे म्हणजे लक्षण दूर करून दोष जागच्या जागी ठेवणे होय.

तथापि मालकाची तक्रारही पूर्णपणे चुकीची नव्हती. कापडी पिशवी उघडताच सुभेदाराने ती नाकाशी नेली, आणि गोठ्यात येतो तसा अमोनियाचा झोंबणारा वास तिथे उभ्या असलेल्या सर्वांना जाणवला. पिशवी पावसाळाभर गोठ्याला लागून असलेल्या खोलीत टांगलेली होती. परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसांची संख्या ठरलेली असल्याने शेतकरी ती जपून वापरतो आणि एकच खेप अनेक पावसाळे पाहते, हे लक्षात घेतले तर अशी साठवण अपवादात्मक म्हणता येत नाही. पिशवीतील एका काडतुसाच्या मानेवर उभी, काळपट चीर होती. तुटलेल्या पुंगळीची गोलाकार, चकचकीत कड आणि या काडतुसावरील उभी, काळी चीर यांची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत, आणि एका दोषावर बोट ठेवून दुसरा नजरेआड करणे ही या कामातील सर्वांत सोपी चूक आहे.

या उभ्या चिरेचा इतिहास भारताच्याच पावसाळ्याशी जोडलेला आहे. ब्रिटिश अमलात लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात, आणि ती न झाडताच त्यांच्या पुंगळ्यांना चिरा पडत असल्याचे आढळून आले. पुंगळीचे पितळ साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे असते. पत्र्यापासून ओढून पुंगळी घडवताना त्यात अंतर्गत ताण शिल्लक राहतो, आणि जनावरांच्या मूत्रापासून निर्माण होणारा अमोनिया दमट हवेत अशा ताणलेल्या पितळावर हल्ला करून त्यात चीर पाडतो. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये या प्रकाराचे कारण स्पष्ट केले, आणि घडवलेल्या पितळाला सौम्य उष्णता देऊन अंतर्गत ताण घालवण्याचा उपाय रूढ झाला. हा उपाय धोका कमी करतो, पण गोठ्याशेजारची साठवण निर्धोक करत नाही. म्हणून सुभेदाराने ती सर्व काडतुसे वापराबाहेर ठरवली आणि नवी काडतुसे कोरड्या, बंद डब्यात, जनावरांपासून आणि खतांपासून दूर ठेवण्यास सांगितले.

पुंगळीतील दोषाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण सुदानमधील अबू क्ली येथे 17 जानेवारी 1885 रोजी झालेल्या लढाईत मिळते. ब्रिटिश सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींची पुंगळी त्या काळी पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला लोखंडी बूड जोडून बनवली जात असे. उष्णता आणि वाळू यांमुळे ती चेंबरला चिकटे आणि आकडा बूड फाडून मोकळाच परत येई, त्यामुळे ऐन हातघाईच्या वेळी अनेक रायफली बंद पडल्या. एकसंध ओढलेली पितळी पुंगळी सर्वत्र रूढ होण्यामागे अशा अनुभवांचा वाटा आहे. 1869 मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आजही पुंगळ्या बनवतो, आणि शिरवळच्या शेतकऱ्याच्या पिशवीतील काडतुसांच्या बुडावर खडकीची निशाणी असणे हे त्याच परंपरेचे चिन्ह आहे. पण कारखान्याने कितीही काटेकोर काम केले तरी चेंबरची झीज आणि गोठ्याची हवा या दोन गोष्टी त्याच्या हातात नसतात.

सातारा जिल्ह्याने सैन्याला पिढ्यानपिढ्या माणसे दिली आणि त्यांच्या शौर्याची नोंद गावोगावच्या स्मारकांवर झाली, परंतु ज्यांनी त्या माणसांची शस्त्रे चालू ठेवली त्यांच्या कामाची नोंद क्वचितच होते. या कामाचे मूल्य नळकांडे किती लवकर बाहेर आले यावरून ठरवणे योग्य नाही. तुटण्याचे कारण लिहून ठेवले गेले, मोकळीक मापली गेली, तुटलेले दोन्ही तुकडे रायफलीच्या नोंदीबरोबर जपले गेले आणि माप बसेपर्यंत शस्त्र परत दिले गेले नाही, तरच ते काम पूर्ण झाले असे म्हणावे लागेल. परवानाधारकाने वर्षातून एकदा काडतुसांबरोबर रायफलीची मोकळीकही मापून घ्यावी, ही सुभेदाराची सूचना म्हणूनच गांभीर्याने घेतली पाहिजे, कारण पुढच्या वेळी भिंत तुटताना वायू मागे आला तर तो ज्या डोळ्यांपर्यंत पोहोचेल, ते रानात एकट्याने राखण करणाऱ्या शेतकऱ्याचे असतील.