गावची आरोग्यसेविका आणि हृदयरोगाचे निवारण

धान्याच्या घाऊक व्यापारात आमची चाळीसहून अधिक वर्षे गेली. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध रोग्याचा, वैद्याचा नव्हे. असे असता या विषयावर लेखणी उचलण्याचे कारण एका शेतकऱ्याचे आमच्यावरील ऋण होय, आणि ते फिटण्याचा अन्य मार्ग आता उरलेला नाही.

हा गृहस्थ नारायणखेडकडील. त्या बाजूस तेलुगूबरोबर मराठी व कानडीही बोलली जाते. म्हणून आमचे त्यांचे बोलणे मराठीतच होई. दरसाल तुरीच्या हंगामात ते हैदराबादेस माल घेऊन येत. सुमारे आठ वर्षांपूर्वी ते आले त्या दिवशी बाजारात एक आरोग्य शिबिर चालू होते. आम्ही आग्रहाने त्यांस रांगेत बसविले. रक्तदाब १८० वर ११० निघाला. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या, पुढे तपासणीस जाण्यास बजावले, आणि आपण एक सत्कृत्य केले अशा समाधानात आम्ही दुकानी परतलो.

पुढील हंगामात ते पुन्हा आले. सहज विचारले, तेव्हा म्हणाले, "शेठजी, गोळ्या संपल्या, अन् आता बरं वाटतंय. मग गोळी कशाला?" आम्ही मान डोलावली आणि काट्याकडे वळलो. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा हिशेब मिटविण्यास आला. वडील शेताच्या बांधावर कोसळले, अर्धे अंग गेले, तिसऱ्या दिवशी सर्व आटोपले. घरी परतल्यावर एकच विचार मनास टोचत राहिला. या माणसाकडे आमची दोन हजारांची बाकी असती, तर आम्ही महिन्याकाठी निरोप धाडला असता. त्याच्या गोळ्यांची चौकशी मात्र वर्षभरात एकदाही केली नाही.

हृदयरोग व रक्तदाब हे गादीवर बसणाऱ्या, तूपसाखर खाणाऱ्या शहरी माणसाचे रोग, कष्टकरी खेडुतास ते होत नाहीत, अशी आपणा व्यापारी मंडळींची दृढ समजूत आहे. ही समजूत खोटी ठरली आहे. हैदराबाद ज्या अविभक्त आंध्र प्रदेशाची राजधानी होते, त्याच राज्यातील पूर्व व पश्चिम गोदावरी जिल्ह्यांच्या ४५ गावांत २००३-०४ च्या सुमारास बारा महिन्यांतील मृत्यूंची नोंद करण्यात आली. सुमारे १ लाख ८० हजार वस्तीत १,३५४ मृत्यू घडले. ते कशाने घडले, हे आरोग्यसेवकांनी त्या त्या घरी जाऊन आप्तांस विचारले. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांनी झाले होते. साथीच्या व संसर्गजन्य रोगांचा वाटा त्याहून पुष्कळच कमी निघाला.

महाराष्ट्रातील गडचिरोली हा तर अरण्याने वेढलेला जिल्हा. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापिली. या संस्थेच्या ८६ गावांतील पाहणीचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. दर सात मृत्यूंमागे एक त्याचा, आणि त्यांतील बहुतेक माणसे इस्पितळात नव्हे, घरीच वारलेली. पक्षाघात मेंदूचा आणि झटका हृदयाचा, असे आपण वेगळे मानतो. परंतु दोहोंचे मूळ बहुधा एकच, रक्तवाहिन्यांची खराबी. आणि तिला सर्वाधिक हातभार लावणारा, तरीही बाहेर काहीच न दाखविणारा शत्रू म्हणजे वाढलेला रक्तदाब.

या शत्रूचे कपट असे की, तो दुखत नाही. खोकला झाला की माणूस औषध शोधतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असूनही माणूस नांगर धरतो, पोती उचलतो. आतमध्ये हृदयाचा स्नायू जाड होत जातो, रक्तवाहिन्या कठीण होतात, आणि एके दिवशी सर्व बाकी एकदम वसूल होते. गोळीने दाब उतरतो, पण रोग जात नाही. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो. म्हणूनच एका दिवसाचे शिबिर, मग ते कितीही मोठ्या डॉक्टरांचे असो, येथे पुरे पडत नाही. महिन्यामागून महिना दारी येऊन "गोळी घेतली का?" असे विचारणारे माणूस हवे.

असे माणूस गावातच तयार करता येते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखविले आहे. सध्याच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. या कार्याबद्दल त्यांस १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणपणे हजार वस्तीमागे एक 'आशा' कार्यकर्ती नेमण्यात आली. आज देशात अशा सुमारे दहा लाख स्त्रिया आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. आरंभी त्यांचे काम मुख्यतः बाळंतीण व बालक यांचे होते. आता रक्तदाब व मधुमेहाचेही आले आहे.

त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या आग्रहावरून गतवर्षी आम्ही त्यांच्या गावी गेलो आणि तेथील आशाताईंबरोबर अर्धा दिवस हिंडलो. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक कागद त्या भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणे-फिरणे व घराण्यातील रोग, अशा प्रश्नांस गुण असतात. चारांहून अधिक गुण झाले की त्या माणसाची तपासणी आधी. त्या रोगाचे निदान करीत नाहीत, ते काम डॉक्टरांचे. दाब १४० वर ९० वा त्याहून अधिक आढळला की त्या आरोग्यकेंद्राकडे धाडतात.

दाब मोजण्याची त्यांची रीत पाहून आम्हांस आमच्या घरच्या यंत्राची लाज वाटली. माणसास पाच मिनिटे पाठ टेकवून निवांत बसवावयाचे. पाय जमिनीस टेकलेले, दंड हृदयाच्या उंचीवर, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, बोलणे नाही. आणि एकदा नव्हे, दोनदा मोजावयाचे. आम्ही तर जिना चढून आल्याबरोबर हात पुढे करतो!

त्यांच्या पिशवीतील वही आम्ही चाळली. नाव, तारीख, दाब, गोळ्या कधी संपणार, आणि शेवटच्या रकान्यात "पुन्हा गेले" अशी खूण. आम्ही म्हणालो, "ताई, ही तर आमची उधारीची वही!" त्या हसून उत्तरल्या, "शेठजी, तुमची माणसं पैसे बुडवतात, माझी जीव बुडवतात. मलाच जास्त फेऱ्या पडतात."

या फेऱ्यांचे मोल किती, हे प्रयोगांनीही दाखविले आहे. पश्चिम गोदावरीच्या ५४ गावांत आशांच्या हाती संगणकपाटी देऊन हृदयरोगाचा धोका असलेली माणसे हुडकण्यात आली. हुडकण्याचे काम उत्तम साधले. परंतु २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा रक्तदाब काबूत येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. उलट बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ग्रामीण भागांत आरोग्यसेवक दर तीन महिन्यांनी घरी जात, दाब मोजीत, समजावीत, आणि डॉक्टरांसही तदनुसार शिक्षण दिलेले होते. दोन वर्षांनी, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, त्या गावांतील वरचा दाब इतर गावांहून सरासरी ५ अंकांनी अधिक उतरलेला आढळला. पाच हा आकडा एका माणसास क्षुल्लक भासेल. परंतु लाखो माणसांचा दाब एवढा उतरला तर कित्येक घरांची चूल विझण्यापासून वाचते.

यावरून आम्ही एवढेच शिकलो की, वहीत नाव चढले म्हणजे उधारी वसूल होत नाही. मागे डॉक्टर हवा, केंद्रात गोळी हवी, आणि गोळी संपण्यापूर्वी आठवण देणारे पाऊल हवे. हे तिन्ही एकत्र आणण्याच्या हेतूने २०१७ साली रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत आरंभिला गेला. त्यांत आपले तेलंगण आणि महाराष्ट्र ही दोन्ही आहेत. उपचाराची एकच सोपी पद्धत, घराजवळच्या केंद्रात विनामूल्य गोळ्या व प्रत्येक रोग्याची नोंद, हे त्याचे सूत्र. तथापि कोठे गोळ्या संपतात, कोठे यंत्र बिघडते. आणि आशाताईंच्या खांद्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत इतकी कामे, मानधन मात्र बेताचेच. त्यांस दोष देणे आपणास शोभणार नाही.

मग आपण काय करावे? प्रथम घरातून आरंभ करावा. मीठ दिवसास पाच ग्रॅमहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सर्व आले. रसपरित्याग व आयंबिल जाणणाऱ्या घरांस हे अवघड पडू नये. दुसरे, प्रत्येक आडत दुकानी दंडास बांधावयाचे एक चांगले यंत्र व एक वही असावी. हमाल, गाडीवान, माल घेऊन येणारा शेतकरी, यांचा दाब योग्य रीतीने मोजून लिहावा, अधिक असल्यास केंद्राची वाट दाखवावी, आणि पुढील खेपेस दरापूर्वी गोळीची चौकशी करावी. तिसरे, दान करावयाचे झाल्यास संगमरवरी पाटीचा आग्रह सोडून, जेथून आपला माल येतो त्या गावांच्या आशाताईंस केंद्राच्या संमतीने यंत्र, त्याचे पट्टे, बॅटऱ्या व दुरुस्तीचा खर्च पुरवावा. या दानास पाटी लागत नाही, आणि ते एकदा देऊन संपतही नाही.

आमच्या दुकानी गेल्या पाडव्यास अशी वही घातली. पहिल्या पानावर कुंकू लावले आणि पहिले नाव त्या शेतकऱ्याच्या मुलाचे लिहिले. वय अवघे अडतीस. दाब १५० वर ९६. तो आता गावच्या केंद्रातून नियमाने गोळी घेतो. न घेतली तर आशाताई त्याच्या दारी जातात, आणि आम्ही येथून निरोप धाडतो. वडिलांची बाकी मुलाच्या खात्यावर फेडता येते, एवढेच आमचे समाधान. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.