डोंग्यातून उतरून पवनी पाहू या



जुने बंदर म्हटले की सोपारा, चौल, कल्याण ही कोकणातली नावे आपल्याला आठवतात. गलबतातून येणारा माणूस तिथले शहर आधी पाण्यावरून पाही आणि मग पायी हिंडे. आपल्या भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण वैनगंगा आहे. आणि तिच्या काठी दोन हजार वर्षांहून जुने शहर आहे. ते म्हणजे पवनी. भंडाऱ्याच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर.

मोटारीने येणारा थेट बाजारात उतरतो. दुकाने दिसतात, देवळांचे कळस दिसतात. पण हे शहर इथेच का वसले, ते काही कळत नाही. तेच नदीतून पाहा. पवनीला तीन बाजूंनी मातीचा उंच कोट आहे, कोटाबाहेर खंदक आहे आणि चौथ्या बाजूला नदी. जिथे वैनगंगाच राखण करते, तिथे कोट कशाला हवा? धीवर बांधवाचा डोंगा घाटाकडे सरकू लागला की ही सारी मांडणी आपोआप उलगडते. वैजेश्वराचा घाट, दिवाणघाट असे दगडी घाट इथे आहेत. घाट आणि देवळे यांमुळेच लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात.

घाट चढून गावात आलात की कोटाच्या कडेने थोडे चालावे. एवढी माती माणसांनी टोपल्या-टोपल्यांनी वाहिली असेल. पदरी धान्य आणि धन असल्याशिवाय असे काम होत नाही. इथे सातवाहन राजांची नाणी सापडली आहेत, म्हणजे व्यापारउदीमही होता. अलीकडच्या काळातही पवनीचे कोष्टी रेशीमकाठी बारीक कापडासाठी नावाजलेले होते.

आता जगन्नाथ टेकडीकडे चला. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे खोदकाम केले. टेकडीच्या पोटात निघाला बौद्ध स्तूप! स्तूप म्हणजे पूज्य अवशेषांवर किंवा आठवणीखातर रचलेला भरीव घुमट. त्याच्याभोवती प्रदक्षिणेची वाट आणि दगडी कठडा असतो. पवनीच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. म्हणजे आपण आज देवळाच्या पायरीवर नाव घालतो ना, तशीच ही चाल.

एका दगडावर मुचलिंद नाग आहे. बुद्धाला ज्ञान झाल्यावर मोठे वादळ आले, तेव्हा या नागराजाने फणा उभारून त्याला पावसापासून राखले, अशी कथा आहे. त्या जुन्या काळात बुद्धाची मूर्ती घडवीत नसत. रिकामे आसन किंवा झाड दाखवीत आणि पाहणारा काय ते समजे. नागपंचमीला नाग पुजणाऱ्या मुलांना ही गोष्ट गुरुजींनी जरूर सांगावी.

पवनीच्या शिलालेखांचे वाचन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. भार वंशाचा राजा भगदत्त आणि महाक्षत्रप रूपिअम्म ही नावे त्यातूनच कळली. एरवी हे राजे कुणाला ठाऊक होते?

मंडळी, आता जरा कान देऊन ऐका. जुन्या टेकडीची पांढरी माती शेतात न्यायची, विटा काढून भिंतीला लावायच्या, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. त्यात वाईट हेतू नसतो, पण नुकसान फार होते. घरच्या ढोलीत खाली जुने धान आणि वर नवे धान असते. कुणी हात घालून ते कालवले, तर कोणते कोणत्या सालचे हे सांगता येईल काय? जमिनीचेही तसेच आहे. खालच्या थरातले नाणे त्या थराचा काळ सांगते. तेच खिशात घातले की नुसता तांब्याचा तुकडा उरतो. म्हणून खापर दिसले, वीट दिसली, तर पाहावी आणि तिथेच ठेवावी. नांगराला नाणी किंवा मूर्ती लागली, तर तहसील कचेरीत कळवावे.

जाण्याविषयी दोन शब्द. पूल आणि सडका झाल्यापासून डोंग्याचा प्रवास कमी झाला आहे. तरीही नदीतून जायचे, तर जाणत्या नावाड्याबरोबर हिवाळ्यात जावे. वरच्या अंगाला गोसीखुर्दचे 33 दरवाजांचे धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते. 2020 च्या ऑगस्टअखेरचा महापूर नदीकाठचे लोक विसरलेले नाहीत. डोंग्यात दाटी करू नये. मुले असतील, तर काठावरच्या घाटावरूनच नदी दाखवावी.

हाती तीन तास असले, तर आधी घाट, मग कोट, शेवटी टेकडी, या क्रमाने पाहावे. शिक्षकांनी मुलांकडून नदी, खंदक, कोट आणि टेकडी यांचा साधा नकाशा काढून घ्यावा. ज्या मुलाने कोट स्वतःच्या हाताने कागदावर काढला, तो उद्या त्या कोटावर कुदळ चालू देणार नाही.