कृष्णवर्णी पलटणींच्या याद्या आणि त्या राखणाऱ्या दोन स्त्रिया

अमेरिकेंतील कृष्णवर्णी सैनिकांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें पाहूं लागणारास पहिली अडचण येते ती लढायांच्या तारखांची नव्हे, नांवांची. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत संघसरकारच्या फौजेंत सुमारें १,७९,००० कृष्णवर्णी शिपाई होते. त्यांतील पुष्कळ जण नुकतेच गुलामींतून सुटलेले. गुलामास दप्तरीं आडनांव बहुधा नसे. भरतीच्या वेळीं कारकुनानें धन्याचेंच आडनांव लावावें, युद्धानंतर त्या माणसानें आपल्या पसंतीचें दुसरें धारण करावें, आणि पुढें पेन्शनचा अर्ज केला म्हणजे हजेरीपटांतील शिपाई तो हाच, हें शाबीत करण्याची पाळी त्याच्यावर किंवा त्याच्या विधवेवर यावी, असा प्रकार वारंवार घडला. त्यासाठीं सोबत्यांच्या, शेजाऱ्यांच्या, क्वचित् जुन्या धन्याच्याही जबान्या घेतल्या गेल्या. त्या वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत, आणि ज्यांनीं स्वहस्तें एक ओळही लिहिली नाहीं अशा माणसांचीं तींच आत्मवृत्तें होत.

या शिपायांच्या नोकरीच्या कागदांत कधीं कधीं अनपेक्षित जिन्नस हातीं लागतो. संघाशीं एकनिष्ठ राहिलेल्या मालकाचा गुलाम फौजेंत दाखल झाल्यास त्या मालकास ३०० डॉलरपर्यंत भरपाई मागतां येत असे. अशा दाव्यास मालकीचा पुरावा लागे. म्हणून शिपायाच्या फायलींत त्याच्याच विक्रीचें खरेदीखत सांपडतें. संग्राहकांनीं असा कागद सुटा विकत घेण्यापूर्वी त्याची मूळ जागा कोणती होती याचा शोध अवश्य करावा.

हें सर्व दप्तर वापरण्याजोगें झालें तें कार्डपद्धतीमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धखात्यांत फ्रेड एन्सवर्थ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं हजेरीपटांतील नोंदी शिपाईवार कार्डांवर उतरून घेतल्या गेल्या. हेतु इतिहासाचा नव्हता, पेन्शनच्या मागण्या पडताळण्याचा होता. पण सरकारी कार्ड त्या पटावर जें होतें तेवढेंच सांगतें. युद्धानंतर तो शिपाई कोठें गेला, कोणत्या गल्लींत राहिला, हें दुसऱ्या कोणीं तरी विचारावें लागतें.

तें सूझी किंग टेलर या बाईंनीं विचारलें. त्या १८४८ मध्यें जॉर्जिया प्रांतांत गुलाम म्हणून जन्मल्या. गुलामांस लिहावयास शिकविणें तेथें कायद्यानें मना होतें. त्यामुळें सव्हाना शहरांत त्या चोरून शिकल्या. १८६२ च्या एप्रिलांत चुलत्याच्या कुटुंबाबरोबर त्या संघाच्या ताब्यांतील मुलखांत पळाल्या आणि पुढें पहिल्या साउथ कॅरोलायना स्वयंसेवक पलटणीबरोबर राहिल्या. १८६४ मध्यें हीच पलटण ३३ वी कृष्णवर्णी पलटण झाली. पटावर बाईंची नोंद धोबीण म्हणून. प्रत्यक्षांत त्यांनीं शिपायांस अक्षरओळख करून दिली, जखमींची शुश्रूषा केली, बंदुका साफ केल्या, आणि या सर्वांबद्दल एक डॉलरही वेतन घेतलें नाहीं, कारण तें कोणीं दिलेंच नाहीं. पति एडवर्ड किंग हे त्याच पलटणींत सार्जंट होते; ते १८६६ मध्यें वारले. त्यानंतर बाईंनीं शाळा चालवून पाहिली, मग घरकामाची चाकरी धरली, आणि अखेर बॉस्टन शहरीं स्थायिक झाल्या.

१८९६ मध्यें मॅसॅच्युसेट्स प्रांतांत राहणाऱ्या संघाच्या सर्व जुन्या सैनिकांची यादी करण्याचें स्त्रियांच्या साहाय्यक मंडळानें ठरविलें. बाईंच्या वांट्यास बॉस्टनचा वेस्ट एंड हा भाग आला. घरोघर फिरतां त्यांस असे कित्येक सैनिक भेटले, जे कोणत्याच सैनिकसंघांत दाखल नव्हते, म्हणजे कोणत्याच यादींत नव्हते. १९०२ मध्यें त्यांनीं छापलेल्या आठवणींस ३३ व्या पलटणींतील हयात असामींची यादी जोडली आहे. वाचक सामान्यतः छावणीच्या हकीकती वाचून पुस्तक मिटतात; आमच्या मतें ती पुरवणी हाच त्या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग होय. बाई १९१२ मध्यें वारल्या. त्यांच्या स्वतःच्या थडग्यावर नांवाचा दगड बसला तो २०२१ मध्यें.

दुसऱ्या बाई चॅरिटी ॲडम्स. जन्म १९१८, विल्बरफोर्स विद्यापीठाच्या पदवीधर, दक्षिण कॅरोलायनांतील कोलंबिया येथें गणिताच्या शिक्षिका. १९४२ मध्यें त्या स्त्रियांच्या लष्करी दलांत गेल्या, आणि १९४५ च्या आरंभीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें ६८८८ व्या टपाल पलटणीचें आधिपत्य त्यांच्याकडे आलें. ही पलटण ८५५ स्त्रियांची, जवळजवळ सर्व कृष्णवर्णी. कोठारांत लक्षावधि पत्रें व पुडकीं पडून होतीं. खाऊच्या पुडक्यांस उंदीर लागले होते. सैन्य पुढें सरकत असल्यानें पत्ते रोज बदलत. कोणाच्या पाकिटावर केवळ लाडकें नांव. रॉबर्ट स्मिथ या एकाच नांवाचे लोक ७,५०० हून अधिक.

या स्त्रियांनीं सुमारें ७० लक्ष कार्डांची सूचि चालविली. नांव सारखें असलें तरी लष्करी क्रमांक भिन्न असतो. म्हणून ओळख पटवावयाची ती क्रमांकावर, आणि माणूस हलला कीं कार्ड दुरुस्त करावयाचें. दिवसाच्या तीन पाळ्या. दर पाळीस सुमारें ६५,००० नग. सहा महिन्यांचें ठरविलेलें काम तीन महिन्यांत उरकलें. ज्यानें एखाद्या जुन्या दप्तरांत एकाच नांवाच्या दोन असामी निराळ्या केल्या असतील, त्यास या कामाचें मर्म सांगावयास नको. पुढें पलटण फ्रान्सांत रुआं येथें गेली. तेथें जुलै १९४५ मध्यें मोटारीच्या अपघातानें तिच्यांतील तिघी मृत्यु पावल्या. उत्तरक्रियेचा खर्च सरकारकडून न मिळाल्यामुळें सोबतिणींनीं वर्गणी करून तो भागविला.

युद्ध संपल्यावर ॲडम्सबाई शिक्षणक्षेत्रांत परतल्या, विवाहानंतर अर्ली हें नांव घेतलें, आणि १९८९ मध्यें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. या ग्रंथाचें साधनमूल्य जाणण्यास एक दुर्घटना लक्षांत ठेविली पाहिजे. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील लष्करी दप्तरखान्यास आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळांत भूसेनेंतून मुक्त झालेल्यांच्या फायलींपैकीं सुमारें शेंकडा ८० जळाल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, चित्रफिती नव्हत्या. आगीपूर्वी सूचिही केलेली नव्हती. सत्तर लक्ष कार्डें राखणाऱ्या स्त्रियांच्या काळचे कागद एका साध्या सूचीवांचून नष्ट व्हावे, ही गोष्ट कोणाही दप्तरवाल्यास झोंबेल. त्यामुळें आठवणी, घरगुती पत्रें व पलटणीचीं छायाचित्रें यांस आज अस्सल कागदांचें स्थान आलें आहे.

आतां हें काम संगणकावर चालतें. संगणकाच्या धंद्यांत चरितार्थ चालवून उरल्या वेळांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पलटणीचे पट लावणारी कृष्णवर्णी स्त्री याच परंपरेंतील आहे, आणि तिची विद्या तिच्या या छंदास परकी नाहीं. मात्र यंत्रास सारखेपणाची हौस फार. एकाच शिपायाचीं तीन नांवें दिसलीं कीं दोन चुकीचीं समजून तें एकच राखूं पाहतें. येथें तिन्ही खरीं असतात: धन्यानें दिलेलें, कारकुनानें लिहिलेलें आणि माणसानें स्वतः निवडलेलें. तिन्ही राखून त्यांखालीं मूळ पटाचा हवाला द्यावा, असें आमचें मत आहे. वॉशिंग्टन येथें १९९८ मध्यें उभारलेल्या स्मारकाच्या भिंतींवर २,०९,१४५ नांवें कोरलीं आहेत. भिंतीवर एका नोंदींत एकच नांव मावतें, सूचींत तशी अडचण नाहीं.

नांवांचा हा घोळ शिपायांपुरताच आहे असें नाहीं. व्हर्जिनियांतील फोर्ट ली या तळास २०२३ मध्यें ग्रेग व ॲडम्स या दोन कृष्णवर्णी अधिकाऱ्यांचें नांव दिलें गेलें. त्यांतील ॲडम्स म्हणजे ह्याच बाई. २०२५ मध्यें तें काढून पुन्हां फोर्ट ली केलें. पण पूर्वीचा ली हा दक्षिणेचा सेनापति रॉबर्ट ली, आणि आतांचा ली म्हणजे १८९८ च्या क्यूबाच्या मोहिमेंत शौर्यपदक मिळविणारा १० व्या घोडदळांतील कृष्णवर्णी शिपाई फिट्झ ली, असें जाहीर झालें आहे. यापुढें त्या तळावरून निघालेला कागद हातीं आल्यास संग्राहकानें मथळ्याआधीं त्यावरची तारीख वाचावी.