पोर हरवलं तर आधी पोलीस ठाणं

पोर दिसेनासं झालं की कुणी अंगारा देतं, कुणी नखावर काजळ लावून ‘हाजरात’ बघायला सांगतं. शोधाचे मोलाचे तास त्यातच जातात. अमेरिकेत सिल्व्हिया ब्राऊन या ‘दिव्यदृष्टी’वाल्या बाईने २००४ मध्ये टीव्हीवर एका आईला सांगितलं, तुमची मुलगी जिवंत नाही. आई २००६ मध्ये गेली. मुलगी २०१३ मध्ये जिवंत सापडली. केवढी ही क्रूरता!

बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. चमत्काराच्या नावाने पैसे उकळणाऱ्याला महाराष्ट्रात ६ महिने ते ७ वर्षे कैद होऊ शकते.

१०९८ ही बालमदतवाहिनी १९९६ मध्ये देवनारच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’मधून (‘टिस’) सुरू झाली. तीच लावा, नाहीतर ११२. आणि मुलाचा ताजा फोटो घेऊन ठाणं गाठा.