कोरियातले आपले पंच

मुलांनो, ‘तट’ म्हणजे काठ आणि ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. पावसाळ्यात आमच्या वेल्ह्याला कानंदी नदी फुगली, की काठावर बघ्यांची गर्दी होते. त्यामुळे आपल्याला वाटतं, तटस्थ राहणं म्हणजे नुसतं बघत बसणं. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात! पण कबड्डीचा पंच झालाय का कधी? दोन्ही बाजूंच्या शिव्या त्यालाच.

आपला देश एकदा असाच पंच झाला होता. १९५० ते १९५३ कोरियात भयंकर युद्ध झालं. उत्तरेच्या बाजूने चीन लढला, तर दक्षिणेच्या बाजूने अमेरिका आणि इतर देश. २७ जुलै १९५३ ला तोफा थांबल्या, पण घोडं अडलं ते युद्धकैद्यांपाशी. हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला मायदेशी जायचंच नाही! ते मनापासून बोलतात की कुणाच्या धाकाने, हे ठरवायचं कुणी?

मग पाच देशांचा तटस्थ आयोग नेमला गेला. त्यात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया हे देश होते आणि अध्यक्षपद भारताकडे होतं, म्हणजे जनरल थिमय्यांकडे. कैदी सांभाळायला फौजही आपलीच गेली, सुमारे सहा हजार जवान. त्यांचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे!

स्वागत कसं झालं म्हणता? दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले, भारतीय सैनिकाचं पाऊल माझ्या भूमीवर पडता कामा नये. शेवटी आपल्या जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवावं लागलं.

दक्षिणेकडून आलेले २२,००० हून अधिक आणि उत्तरेकडून आलेले ३५९ कैदी आपल्या ताब्यात आले. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरलाच आत ओढून नेलं. बाहेर बंदुका तयार होत्या. पण थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि मेजरला सोडवून घेऊन आले. दर वेळी मात्र असं गोड झालं नाही. पुढे गोळीबार करावा लागला, काही कैदी मेलेही.

बहुतेक कैदी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. त्यांत मायदेशी परतायला नकार देणारे २१ अमेरिकन सैनिकही होते बरं का! ऐंशीहून अधिक कैद्यांना तर दोन्ही बाजू नको होत्या. १९५४ साली ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले आणि पुढे त्यांतले बरेच ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. थोरातांना या कामगिरीबद्दल अशोकचक्र, वर्ग दुसरा (आजचं कीर्तिचक्र) मिळालं.

आता तुम्ही विचाराल, आजच्या जगात हे चालतं का? रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत भारताने कुणाच्याच बाजूने मत दिलं नाही. कुणी याला शहाणपण म्हटलं, कुणी म्हटलं की अन्याय दिसत असताना गप्प का? प्रश्न रास्त आहे, घरी आईबाबांशी यावर जरूर वाद घाला. मला विचाराल तर, मत न देणं एक आणि थोरातांसारखं आत जाणं वेगळं. दुसऱ्याला जास्त छाती लागते.

याच युद्धाची भीती घेऊन फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये ‘नाटो’ या लष्करी गटात गेले. स्वीडनने तर दोनशे वर्षांची सवय मोडली! गंमत म्हणजे कोरियाच्या सीमेवर, पानमुंजोमला, युद्धबंदीवर लक्ष ठेवायला स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे मूठभर अधिकारी १९५३ पासून आहेत, ते अजून तिथेच आहेत.