बहिणीच्या मागे सायकलवर

माझी धाकटी बहीण लग्नानंतर नेदरलँड्सला गेली. मेहुणे उट्रेख्ट शहरात नोकरीला आहेत. "दादा, एकदा तरी ये," असे तिचे दहा वर्षे चालले होते. अखेर २०२३ च्या जूनमध्ये अर्जित रजा टाकली आणि गेलो.

पहिल्याच रविवारी मोटारीच्या मागे तीन सायकली बांधून आम्ही स्कूनहोवन या गावी पोचलो. चांदीच्या कारागिरीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. मेहुणे जेवणाचे डबे घेऊन मोटारीने पुढे जाणार होते. बहीण, भाची आणि मी तरीने लेक नदी ओलांडून बांधावरून सुमारे १८ किलोमीटर सायकलने किंडरडाइकला जाणार होतो.

आता गंमत ऐका. मी रोज स्टेशनपर्यंत सायकलने जाणारा माणूस, पण हात घातला तर हँडलला ब्रेकच नाही! पेडल उलटे दाबले की चाक थांबते. त्यातून तिकडची वाहतूक उजवीकडून. एका वळणावर सवयीने डावीकडे गेलो, समोरून एक म्हातारी सायकलवरून घंटी वाजवत आली, मी ब्रेक शोधत राहिलो आणि थेट गवतात! भाची हसू दाबत होती.

बहीण उतरली. "लागलं का? पाय उलटा दाब. मी पुढे राहते, तू माझ्या मागून ये."

त्या बांधावर उजव्या हाताला नदी वर आणि डाव्या हाताला शेते, घरे खाली. देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रपातळीखाली आहे. समोरून पश्चिमेचा वारा तोंडावर येत होता. बहिणीची पाठ पाहत पेडल मारताना आमची गल्ली आठवली. तासाला दोन रुपये भाड्याने सायकल मिळायची. ही मागे धावायची, एक फेरी मागायची. "मुलीला कशाला हवी सायकल?" असे मीच म्हणायचो. ती सायकल शिकली तिशी उलटल्यावर, इथे, पाच वर्षांच्या लेकीबरोबर.

किंडरडाइकला १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या सुमाराच्या. खालच्या शेतांतले पाणी त्या वरच्या तळ्यात चढवायच्या, तिथून ते नदीत सोडले जाई. आज ते काम पंप करतात, तरी काही चक्क्यांत माणसे संसार करून राहतात. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले.

डबा खाताना मी गल्लीतली गोष्ट काढली. वाटले, विसरली असेल.

"आठवतंय ना," ती म्हणाली. "दोनातला एक रुपया माझा असायचा, दादा."

मेहुणे उठले, सायकली मोटारीला बांधू लागले. मी म्हटले, "माझी राहू द्या."

बहिणीने काही न बोलता आपलीही उतरवून घेतली. परतताना वारा पाठीशी होता, तरी ती पुढेच राहिली.